श्वास मोजणाऱ्या म्हात्रेबाई

रोह्याहून पेणला येणाऱ्या सकाळच्या एसटीवर म्हात्रेबाईंची ड्यूटी आहे की नाही, हे गाडीत चढायच्या आधीच कळायचं. गाडी रोहा स्टँडवर लागायची आणि दारातून आवाज यायचा, "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या! गाडी पळून जात नाय, मीच हाय आत!" मग खाकी साडीतली एक ठेंगणी, भक्कम बाई दारात दिसायची. मशीन गळ्यात, पेन केसात. चढणाऱ्या प्रत्येकाला ती हनुवटीने मोजायची. मोजून झालं की घंटी.

मी रोह्यात राहतो आणि पेणला विशेष मुलांच्या शाळेत शिकवतो. दोन वर्षं आमची ओळख "एक पेण" एवढीच होती. एका जूनमध्ये बाई गणवेशातच शाळेत आल्या. बोटाला धरून एक पाच वर्षांची मुलगी, दोन वेण्या घातलेली.

"सर, ही माझी जाई. हिला डाउन सिंड्रोम हाय. बहिरी नाय, मुकी नाय, वेडी तर अजिबात नाय. लहानपणी हृदयाचा ऑपरेशन झालाय. हिला कोलांटी उडी मारू द्यायची नाय, मानेचा सांधा सैल असू शकतो असा डॉक्टर बोलले. आन हिला गाणी लय आवडतात."

मशीनमधून तिकीट निघावं तसं एका दमात सगळं सांगून झालं. मी वहीत लिहून घेईपर्यंत जाईने माझा चष्मा ओढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला होता.

बाईंचं माहेर पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरात कामाला होते. "आमच्या घरात सगळ्यांचा आवाज मोठा. वाऱ्यात बोलायची सवय," असं त्या म्हणत. त्यांचे यजमान रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टवर होते. बाई जेवढ्या बोलक्या तेवढे ते मुके. बिऱ्हाड पेणला. सुट्टीच्या दिवशी घरी कोणी नसलं की जाई बाईंबरोबर गाडीत असायची, कंडक्टरच्या सीटवर, पाय हलवत.

असाच एक सुट्टीचा दिवस मला आठवतो. मी काही कामाने पेणला निघालो होतो. नागोठण्याला एक गृहस्थ चढले. जाईकडे बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बाई, असल्या मुलांना घरी ठेवावं. गाडीत कशाला आणता?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मशीनवर बोटं चालवत म्हणाल्या, "तिचा हाफ तिकीट काढलाय मी. तुमचा फुल काढलाय का?"

त्यांनी काढलं नव्हतं. गाडी हसली. गृहस्थांनी मान खाली घालून तिकीट काढलं, आणि जाईने त्यांना टाळ्या वाजवून दाखवल्या. तिला वाटलं, सगळे आनंदात आहेत.

शाळेत दुपारी लहान मुलांना तासभर झोपवायचो. जाई आडवी होत नसे. मांडी घालून बसायची आणि तशीच पुढे वाकून डोकं सतरंजीला टेकवायची. त्या अवस्थेत तिचा घसा असा वाजायचा की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून बघायच्या. आम्हाला सवय झाली होती. उठल्यावर ती मरगळलेली असायची, मण्यांची माळ हातात घेऊन नुसती बसायची. मी तिच्या प्रगतीपुस्तकात लिहिलं होतं, 'दुपारच्या सत्रात आळस करते.'

एकदा बाईंची ड्यूटी लवकर सुटली म्हणून त्या दुपारीच आल्या. जाई झोपली होती. बाई सतरंजीच्या कडेला बसल्या. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलेलं, ओठ हलत होते. मला वाटलं, काही म्हणत असतील, नामस्मरण वगैरे. थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"सर, ऐका. आता वाजतोय ना घसा? आता बघा. थांबला. छाती हलते, पण वारा आत जात नाय. आठ, नऊ, दहा, अकरा..." अकराला जाई दचकली, घशातून मोठा आवाज करून तिने श्वास ओढला आणि पुन्हा तशीच वाजायला लागली.

"घरीपण असाच होतो," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "बाई, अशी मुलं अशीच झोपतात."

हे वाक्य माझं नव्हतं. मी ते कुठेतरी ऐकलं होतं आणि इतकी वर्षं पुढे देत आलो होतो. बाईंनी माझ्याकडे मान वळवली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"अशी मुलं म्हणजे कशी, सर? श्वास तर सगळ्यांना लागतो ना?"

त्यांनी त्याच दिवशी मोबाईलवर जाईच्या झोपेचं चित्रण केलं आणि पेणच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते सज्जन होते. म्हणाले, या मुलांचं नाक-घसा मुळातच अरुंद असतं, झोपेत जीभ मागे पडते, टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात. त्यातून जाई हृदयाच्या ऑपरेशननंतर तान्हेपणी बरेच दिवस श्वासाच्या नळीवर होती, त्यामुळे आवाजाच्या पट्ट्यांखाली श्वासाची वाट आणखी आकसली असेल. ते म्हणाले, नुसत्या अंदाजाने गाठी काढायला मी हात घालणार नाही. आधी भूल देऊन नाकापासून श्वासनळीपर्यंत दुर्बिणीने सगळी वाट बघायला हवी, आणि ती मुंबईच्या मोठ्या इस्पितळात.

घरात यावरून वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, "पोर हसतंय, खातंय. झोपवली आन उठलीच नाय तर?" यजमान एरवी बोलत नसत, ते बोलले. म्हणाले, "हृदयाच्या ऑपरेशनला आत नेली तेव्हा मी बाहेर उभा होतो. तसा उभा राहायला आता माझ्याच्याने नाय होणार."

हे बाईंनी मला गाडीत सांगितलं, तिकिटं संपल्यावर, दांडीला टेकून. मग विचारलं, "तुमची पोर असती तर तुम्ही काय केला असता?"

"डॉक्टरांना विचारून बघा," मी म्हणालो.

"डॉक्टरांनी सांगितलाच हाय. मी तुम्हाला विचारते."

तेवढ्यात पेण आलं. मी उतरलो. उत्तर द्यायला नको म्हणून मी त्या दिवशी घाईने उतरलो, हे त्यांना कळलं असणार. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आठ दिवसांनी मुंबईची तारीख मात्र घेऊन आल्या.

तारखेला महिना होता. तिथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बाईंना एक लहान मऊ मास्क दिला होता. घरी खेळू द्या, म्हणजे त्या दिवशी घाबरणार नाही. बाईंनी हे गणवेशाचा नियम असावा तसं मनावर घेतलं. आधी बाहुलीला मास्क लागला. मग सासूबाईंना, शेजारच्यांच्या मांजराला, आणि एका रविवारी पेण स्टँडवर, ड्रायव्हर ठाकूरकाकांना. काकांच्या मिशा मास्कमध्ये मावत नव्हत्या. जाईने तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि हुकूम केला, "फू कर! झोप!" काकांनी मोठ्ठा श्वास घेऊन डोळे मिटले आणि स्टीअरिंगवर मान टाकली. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, मग गाडी कोण हाकणार?"

"गप बसा," बाई म्हणाल्या, "पेशंट झोपलाय."

गाडी त्या दिवशी पाच मिनिटं उशिरा सुटली. मला वाटतं, बाईंच्या नोकरीतला तेवढा एकच उशीर त्यांनी स्वतः केलेला असावा.

घरात शेवटचा नंबर यजमानांचा लागला. ते शिफ्ट संपवून आले होते, जेवायला बसायचे होते. जाईने मास्क त्यांच्या तोंडावर ठेवला. "बाबा, फू." बाईंनी सांगितलं, "ह्यांनी फू केला. मग मास्क काढीचनात. तसेच बसले. मी पोळ्या करीत होते. मग मास्क काढून बोलले, रजा टाकतो."

आणि मग मला म्हणाल्या, "सर, तुम्हीपण चला. आतलं मी बघते. बाहेर ह्यांना धरायला कोणतरी पाहिजे."

म्हणून मी गेलो.

इस्पितळात जाईला हिरवा झगा घालून ट्रॉलीवर बसवलं. एक तरुण डॉक्टर भराभर फॉर्म भरत होता. बाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढली. हृदयाच्या ऑपरेशनचा जुना कागद वर होता. त्यात तेव्हा कोणत्या मापाची नळी घातली, किती दिवस ठेवली, काढल्यावर काय त्रास झाला, ते लाल पेनाने अधोरेखित केलेलं.

"ठेवा, नंतर बघतो," तो म्हणाला.

बाईंनी ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवला. "आता बघा."

"ताई, यादी मोठी आहे आज."

"माहीत हाय. माझीपण गाडी रोज भरलेली असते. पण वाचल्याबिगर मी घंटी देणार नाय."

तो मुलगा गोंधळला. घंटी कसली, हे त्याला कुठून कळणार? आवाज ऐकून आतून भुलीच्या मोठ्या डॉक्टर आल्या. पिकलेले केस टोपीतून बाहेर आलेले. त्यांनी कागद घेतला, उभ्या उभ्याच शेवटपर्यंत वाचला. मग त्या तरुणाला म्हणाल्या, "वयावरून काढलेली नळी हिला घालायची नाही. दोन मापं लहान काढून ठेव. मान मागे वाकवायची नाही. आणि औषध हळूहळू, या मुलांचे ठोके पटकन खाली येतात." नंतर बाईंकडे वळून म्हणाल्या, "आई, ती झोपेपर्यंत तुम्ही आत चला."

आत काय झालं ते बाईंनीच नंतर सांगितलं. जाईने मास्क डॉक्टरांच्या हातातून घेतला आणि आपणच तोंडाला लावला. डॉक्टरांनाच म्हणाली, "झोप." आणि झोपली.

बाई बाहेर आल्या तेव्हा डोक्यावरची कागदी टोपी काढायचं विसरल्या होत्या. यजमान भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांचा दंड धरला होता, खरोखरच धरला होता. बाई बाकावर बसल्या. थोड्या वेळाने मी बघितलं, तर ओठ हलत होते.

"काय मोजताय?"

"काय नाय," त्या म्हणाल्या. "तिथं मोजायला मशीन हाय. मी आपली उगाच."

तासाभराने त्याच डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि दुर्बिणीतून घेतलेलं चित्रण पडद्यावर दाखवलं. गुलाबी, ओलसर भिंती. दोन्ही बाजूंनी फुगून एकमेकांना टेकायला आलेल्या गाठी. मागे ओघळलेली जीभ. मग पांढऱ्या दोन पट्ट्या, उघडमीट करणाऱ्या, आणि त्यांच्या खाली एक आकसलेलं कडं. मधोमध काळं भोक, लहानसं.

"ही तिची वाट," डॉक्टर म्हणाल्या. "इथे साधारण मापाची नळी दामटली असती तर सूज येऊन वाट बंद झाली असती."

यजमानांनी मान फिरवली. बाई पडद्याजवळ गेल्या.

"एवढीच?"

"एवढीच."

"आन एवढ्याशा वाटेतून ही दिवसभर गाणी म्हणते?"

डॉक्टरांनी चित्रण पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि बाईंना ते तीनदा बघू दिलं.

पुढे टॉन्सिल आणि गाठी काढल्या, लहान नळी घालून, जपून. खालच्या कड्याला हात लावला नाही. मूल वाढेल तशी वाटही वाढेल, दर वर्षी बघत राहू, असं ठरलं. जादू काही झाली नाही. सर्दी झाली की बाईंचा जीव टांगणीला लागायचाच. पण जाई दुपारी कुशीवर झोपायला लागली. श्वास क्वचित अडखळायचा, आकडे चारपाचच्या पुढे जात नसत. उठल्यावर ती मण्यांची माळ पुरी करायची आणि दुसरी मागायची. मी प्रगतीपुस्तकातला तो 'आळस' खोडला. खोडून भागलं नाही. बाईंना तसं सांगितलं, माफी मागितली.

"जाऊ द्या सर," त्या म्हणाल्या. "मीपण हिला आळशी बोलायची. सकाळी उठत नाय म्हणून एकदा फटका मारलाय." आणि तिकिटं द्यायला मागे निघून गेल्या.

त्यानंतर बाईंकडे लोक यायला लागले. पेण, रोहा, खाडीकडची गावं, कुठे असं मूल असलं की कोणीतरी सांगायचं, त्या कंडक्टरबाईंना भेटा. बाई स्टँडच्या कट्ट्यावर बसून समजावत. भोपळ्याच्या पानाचे देठ पिशवीत असायचे. एक जाड, एक बारीक. "ह्याच्यातून फुंका. आता ह्याच्यातून. कळला फरक? पोर बारीक देठातून जगतोय." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "काय होत नाय. आमची जाई बघा."

कोलाडला हायवेवर टपरी चालवणारं एक जोडपं होतं. त्यांची दीड वर्षाची मुलगी सारखी न्यूमोनियाने आजारी पडायची. बाईंनी त्यांना तयार केलं, तारीख मिळवून दिली, "काय होत नाय" म्हणून गाडीत बसवलं. दुर्बिणीची तपासणी झाली आणि संध्याकाळपर्यंत मुलीचा घसा सुजला. पुन्हा नळी घालून तिला श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं. बापाने बाईंना फोन केला. बाई स्टँडवर होत्या, मी शेजारी होतो. फोनमधला आवाज मला ऐकू येत होता. तो रडत होता आणि शिव्या देत होता. बाईंनी फोन कानाचा काढला नाही. त्याने ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "बोलला तो बरोबर बोलला. काय होत नाय, हे सांगणारी मी कोण?"

चार दिवस ती मुलगी मशीनवर होती. चारही दिवस बाई ड्यूटी सुटली की मुंबई गाठायच्या. पहिले दोन दिवस मुलीच्या आईने त्यांच्याकडे पाठ केली. बाई जिन्यात बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी तिने बाईंच्या डब्यातली भाकरी घेतली. चौथ्या दिवशी सूज उतरली आणि नळी निघाली. मुलीची श्वासनळी मऊ आहे, श्वास सोडताना ती मिटते, म्हणून कफ अडकतो, हे त्याच तपासणीत कळलं होतं. पुढे उपचार त्यावरून झाले आणि आजारपणं कमी झाली. पण बाईंनी ही गोष्ट कोणाला यशाची म्हणून सांगितली नाही.

त्यांचं ते वाक्य त्यानंतर कायमचं गेलं. देठ तेच, कट्टा तोच, पण शेवटी म्हणायच्या, "होऊ शकतो. आमच्या ओळखीत झालाय. डोळे मिटून बसलात तरी होऊ शकतो. तुम्ही ठरवा. ठरवलात तर एवढे प्रश्न विचारल्याबिगर सही करू नका." आणि एक कागद द्यायच्या. आधी कधी नळी घातली होती का, ते कोणी वाचलंय का, हृदय तपासलंय का, मानेचं काय, लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर आहेत का, रात्र काढायची वेळ आली तर लहान मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का. अक्षर वेडंवाकडं, पण प्रश्न सरळ. एकदा एक बाप चिडून म्हणाला, "तुम्ही तर घाबरवताय आम्हाला."

"व्हय," बाई म्हणाल्या. "घाबरूनच जायचा. पण जायचा."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी बदली मागून घेतली. मुंबईची इस्पितळं जवळ पडावीत म्हणून पनवेलकडे बिऱ्हाड केलं. रोह्याच्या गाडीवर आता एक तरुण कंडक्टर असतो. शांत आहे. गाडी त्याचं ऐकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी पनवेलहून रोह्याच्या रेल्वेगाडीने येत होतो. सिग्नलसाठी गाडी जिते स्टेशनवर थांबून राहिली. दुपारची वेळ, फलाटावर माणूस नाही. खिडकीतून बघतो तर फलाटाच्या टोकाकडून गावाकडे जाणाऱ्या चढावर म्हात्रेबाई. जित्याला त्यांची धाकटी बहीण दिलेली आहे, हे मला नंतर कळलं. हिरवी फुलाफुलांची साडी, दोन्ही हातांत पिशव्या. इस्पितळातला तो दिवस सोडला तर खाकीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. बऱ्याच पुढे, जवळजवळ धावत, जाई. चांगली उंच झालेली.

"थांब गो!" बाई ओरडल्या. तोच आवाज. "दम लागला मला!"

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. जाई वळली. चढावरून खाली आली, आईच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिच्याच पदराने तिचा घाम पुसला. मग दोन्हींतली जड पिशवी उचलायला गेली. ती उचलेना, तेव्हा एक बंद तिने स्वतः धरला आणि दुसरा आईच्या हातात दिला.

मी हाक मारायला खिडकीशी वाकलो, तोवर समोरून गाडी धडधडत आली आणि गेली. आमची गाडी हलली तेव्हा दोघी पाठमोऱ्या होत्या, मधे पिशवी झुलत होती. जाई मान वर करून काहीतरी लांबलचक सांगत होती, आणि म्हात्रेबाई नुसत्या ऐकत चालल्या होत्या.